हळदीच्या शेजारची रेघ

आमच्या प्रयोगशाळेत मनगटावर घड्याळ घालून कुणी येत नसे. तशी पाटी वगैरे काही नव्हती. पण एकदा घड्याळ बंद पडलं, एकदा एटीएम कार्ड मेलं, की माणूस आपोआप शहाणा होतो. खोलीच्या मधोमध ते धूड बसलेलं. समोरासमोर जात्याच्या तळीएवढी दोन चुंबकं, त्यांच्या मधल्या फटीत धातूची एक चौकोनी डबी, डबीच्या डोक्यावर भोक, आणि त्या भोकातून आत सोडायची काचेची बारीक नळी. नळीच्या तळाशी चिमूटभर काहीतरी. एवढाच सगळा पसारा. इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोमीटर हे त्याचं पूर्ण नाव फक्त पाहुण्यांसाठी होतं, आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणत असू.

विद्यापीठाचं हे केंद्र वर्ध्याहून सेलूकडे जाताना माळावर आहे. खिडकीतून हिंगणीकडचे डोंगर दिसतात, दुपारी ते इतके फिकट होतात की आहेत की नाहीत कळत नाही. मशीन थंड ठेवायला पाण्याचा पंप एका सुरात घुमत असे. पडदे ओढलेले, पडद्यांच्या फटीतून एक उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत सरकत कपाटापर्यंत जायची. चुंबकाचा जोर हळूहळू वाढत जायचा आणि संगणकाच्या पडद्यावर हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे चालत राहायची. त्या खोलीत मी जागेपणी जितकी स्वप्नं पाहिली तितकी झोपेतही पाहिली नसतील.

स्वप्नाळू म्हणजे गरीब स्वभावाची असं समजू नका. मी मुळात तापट. सेलूला बाबांचं किराण्याचं दुकान आहे, तिथं मी गल्ल्यावर बसले की गिऱ्हाईक कमी होतं असं आई अजून म्हणते. सरांकडे पीएच.डी.ला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. कशावरून? तर मी नळी ओढणीला पुसली म्हणून. 'नळीले बोट लागलं तरी बोटाची रेघ येते, आन् तू ओढणीनं पुसून राह्यली!' सर ओरडले. मीही ओरडले. मग दोघांनी चहा घेतला. आमचं जमलं ते असं.

सर समजावून मात्र सुंदर सांगत. म्हणत, पदार्थातले बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं राहतात. जोडीतले या मशीनला दिसत नाहीत. ज्याची जोडी नाही, जो एकटा पडला, तोच चुंबकात ठेवल्यावर साद देतो. मग सरळ चाललेली रेघ एकदम वर उसळते, खाली बुडी मारते आणि पुन्हा सरळ होते. ती उसळी कुठल्या जागी आली त्यावरून तो कोण ते ओळखायचं.

हे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एकदा डबा घेऊन आल्या असताना ऐकलं. 'म्हंजे संसारी मानूस हिले दिसतच नाई म्हना!' त्या म्हणाल्या. 'तरीच इतक्या वर्सांत ही माह्याकडं पाह्यत नाई.' काकू मशीनला सवत म्हणत. सरांचा सगळा जन्म तिच्यापाशी गेला, तेव्हा त्यांचंही चुकलं नव्हतं. चुंबक चालू असताना त्या फार जवळ गेल्या की अंबाड्यातल्या लोखंडी पिना तिकडे ओढल्या जात, आणि काकू डोकं धरून किंचाळत, 'पाहा, पाहा, माहे केस ओढते सटवी!' हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

तर ही सवत वर्षातून एक दिवस काकूंच्या हातात असे. खंडेनवमीला. त्या दिवशी आम्ही मशीन बंद करायचो, नळी काढून ठेवायचो, झेंडूची माळ घालायचो, आणि पूजा काकूंनीच करायची. पण सरांचे नियम कडक. चुंबकाच्या कडेला एक पांढरा कागद चिकटवायचा आणि हळदकुंकू त्या कागदावर वाहायचं, मशीनला थेट बोट लावायचं नाही. नारळ बाहेर व्हरांड्यात फोडायचा, पाणी आत उडता कामा नये. काकू दरवर्षी कुरकुरत. 'कागदाले कुंकू लावून काय होते वो? कपाळाले लागलं पाह्यजे.' सर हात जोडत, 'बाई, तेवढं नको.'

मी सांगते आहे त्या वर्षी काकू फार वाळल्या होत्या. आजार काय होता ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. तरी त्या आल्या. कुंकू घरी केलेलं. माझं संशोधन हळदीवर होतं, शिजवलेल्या आणि नुसत्या उन्हात वाळवलेल्या हळदीत मशीनला काय फरक दिसतो यावर. वायगावहून आणलेल्या हळकुंडांतली उरलेली मी त्यांना दिली होती. लिंबाचा रस आणि टाकणखार घालून त्यांनी ती लोखंडी खलात लाल होईपर्यंत घोटली होती. डबी उघडली की आंबटसर वास यायचा.

सर आणि मी नारळ घेऊन व्हरांड्यात गेलो. नारळ काही केल्या फुटेना. सर एकदा आपटत, मी एकदा, दोघंही चिडलेले. शेवटी खोबरं घेऊन आत आलो तेव्हा काकू मशीनला टेकून उभ्या होत्या. एक हात तिच्यावर, आणि ओठ हलत होते.

'काय बोलत होतात, काकू?' मी विचारलं.

'बायाबायाचं बोलनं. तुले काय करायचं?' त्या म्हणाल्या, आणि इतक्या गोड हसल्या की मी पुढे विचारलंच नाही.

पौषात काकू गेल्या.

खंडेनवमीपासून मशीन बंदच होतं. सर दवाखान्यात, मी समुद्रपूरकडच्या शेतांत नमुने गोळा करत फिरत होते. दिवसकार्य झाल्यावर सर केंद्रात यायला लागले, पण येऊन खिडकीशी बसत, मशीनकडे पाठ करून. दाढी वाढलेली. डबा उघडत आणि तसाच बंद करत. मी काही विचारलं तर 'हं' म्हणत. मला ओरडा खायची सवय, तो 'हं' मला सोसवेना. पुण्याहून मुलगा न्यायला आला. 'बाबा, इथं एकटे काय करणार?' तो म्हणाला. सर म्हणाले, 'येतो. उन्हाळ्यापर्यंत येतो.' ते पुण्याला गेले की तिथल्या गॅलरीत असेच पाठ करून बसतील आणि बसल्या बसल्या संपतील, हे मला लख्ख दिसत होतं. भीती वाटत होती, दुसरा शब्द नाही.

माघात नवी हळद शिजवून वाळून आली. मी मशीन सुरू केलं. आधी रिकामी नळी लावून तिच्या रेघेचा कोरा पट घ्यायचा आणि तो नंतरच्या सगळ्या मोजमापांतून वजा करायचा, ही आमची रीत. मी विचारलं, 'सर, रिकामी नळी लावू?'

'जुना पट आहे ना दसऱ्याच्या आधीचा,' ते खिडकीकडेच बघत म्हणाले. 'तोच वजा कर.'

एरवी मी असं विचारलंही असतं तर या माणसानं मला खोलीबाहेर काढलं असतं. पण त्या दिवसांत त्यांच्याशी वाद घालण्याची हिंमत माझ्यासारख्या भांडकुदळ बाईलाही झाली नाही. मी जुनाच पट घेतला.

आणि रेघ आली. हळदीची नेहमीची उसळी तर होतीच, तिच्या अगदी शेजारी, जरा सरकून, दुसरी एक लहानशी. मागच्या वर्षीच्या हळदीत ती नव्हती. मी पुन्हा लावलं. पुन्हा आली. दुसऱ्या शेतातली हळद लावली, त्यातही आली.

'सर,' मी म्हटलं, 'जरा बघता का?'

खुर्ची करकरली. मी मागे वळले नाही, पण पाऊल ऐकलं. मग त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि बोट पडद्यावर टेकलं. 'हे कोण आहे?' ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून आले.

पुढचे दिवस कसे गेले ते आज नीट आठवत नाही, उजेड तेवढा आठवतो. खिडकीचे पडदे सरांनी स्वतः बाजूला केले होते. माळावर पळस फुलला होता आणि त्याची तांबूस झाक भिंतीवर पडायची. आम्ही एकापाठोपाठ एक नळी लावत होतो, आणि प्रत्येक नळीत ती शेजारीण हजर. यंदा पाऊस उशिरापर्यंत राहिला म्हणून असेल का? मातीतून काही आलं असेल का? सर फळ्यावर लिहीत, पुसत, पुन्हा लिहीत. डबा संपवू लागले. एक दिवस तर 'काऊन वं, नळी पुसली का धड?' असं खेकसले, आणि मी इतकी खूश झाले की तिथंच रडायचं बाकी होतं. मुलाचा फोन आला तर म्हणाले, 'आता नाई जमत बापा. काम निघालं आहे.'

मी तर हवेतच होते. दुकानाच्या पाटीखाली बाबा माझ्या नावाची पाटी लावतील, तिच्यावर डॉक्टर असेल. वायगावच्या हळदीत काय सापडलं हे विचारायला लांबलांबून माणसं येतील. पंप घुमत राहायचा, रेघ चालत राहायची आणि मी कुठल्या कुठे जाऊन यायचे. कशाचं काय!

त्याच सुमारास आई गिरडला दर्ग्यावर जाऊन आली. माझ्यासाठीच नवस बोलली होती. येताना तिथले ते गोल दगड घेऊन आली, कुणी सुपारीएवढे, कुणी जायफळाएवढे. लोक सांगतात, एका व्यापाऱ्यानं फकिराला गोण्यांत काय आहे ते खोटं सांगितलं आणि त्याचा सगळा माल दगड झाला. आमचे बाबा ही गोष्ट गिऱ्हाइकाला मोठ्या मजेनं सांगतात. 'म्हून मी खरंच सांगतो बापा, हळदीत यंदा कीड आहे!'

दुपारची वेळ होती, सर जेवायला घरी गेले होते. मला गंमत सुचली. बघू तरी, हा दगड कधी काळी जायफळ होता का! मी एका दगडाचा टवका कुटला, नवी कोरी नळी घेतली, चिमूटभर भरला आणि लावला. हिरवी रेघ निघाली. दगडाच्या स्वतःच्या उसळ्या पसरट, आळशी, येऊन गेल्या. आणि मग, हळदीच्या शेजारच्या त्या जागेवर, ती उसळली.

खरं सांगते, क्षणभर माझा विश्वास बसला. दगडात हळद! त्या व्यापाऱ्याच्या गोण्यांत हळदही असणार. मी तोंडावर हात धरून हसत बसले. उन्हाची पट्टी माझ्या पायापर्यंत आली होती, पंप घुमत होता, आणि सगळं जग असं काहीही होऊ शकेल इतकं मऊ झालं होतं.

मग मला तो जुना पट आठवला.

मी नळी काढली. रिकामी नळी लावली. रेघ आली. रिकामी नळीही काढून घेतली, भोक उघडं, आत काहीच नाही, आणि पुन्हा मशीन चालवलं. ती आली. दगडाची नाही, हळदीची नाही, कुणाचीच नाही, आणि आहे. आमच्या सगळ्या नळ्यांत ती होती, कारण ती मशीनच्याच पोटात होती.

मला भयंकर राग आला. मशीनचा, जुन्या पटाचा, माझा, गिरडच्या दगडांचासुद्धा. मग राग ओसरला आणि उरली ती नुसती भीती. माझा प्रबंध गेला तो गेला. पण सरांना कसं सांगू? या रेघेच्या आधारानं माणूस खिडकीकडून वळला होता. ती काढून घेतली की पुन्हा पाठ, पुन्हा 'हं', आणि मग पुणे. न सांगता चालवता आलं असतं. जुना पट वजा करत राहिलं की झालं, कुणाला कळणार होतं? मी दगड मुठीत धरून बसले होते. मालाबद्दल खोटं बोललं की काय होतं ते माझ्या मुठीतच होतं.

सर आले ते गुणगुणतच. हातात पेरूंची पिशवी. 'घे,' म्हणाले, 'खा, मग कामाले लागू.'

'सर,' मी म्हटलं, 'रेघ खोटी आहे.'

आणि मी सगळं दाखवलं. दगड, रिकामी नळी, उघडं भोक. ते पडद्याकडे बघत उभे राहिले. पिशवी हातातच होती. मला वाटलं, आता खिडकीकडे जातील.

'रेघ खोटी नसते, पोरी,' ते शेवटी म्हणाले. 'कोणाची आहे ते पाह्यलं पाह्यजे. आण तो पेचकस.'

मशीन बंद करून त्यांनी डबी स्वतः सोडवली. इतक्या वर्षांत मी ती उघडलेली पाहिली नव्हती. आत चांदीचा मुलामा, आरशासारखा. मी विजेरी धरली. भोकाच्या बरोबर खाली, कोपऱ्यात, चिमटीलाही येणार नाही इतकं काहीतरी लाल होतं. भोकाच्या काठावरही बोटाचा पुसट लाल ठसा.

सरांनी कापसाचा बोळा काडीला गुंडाळून ते टिपलं. नाकाशी नेलं. आणि तसेच खाली फरशीवर बसले, पाठ मशीनला टेकवून.

'घरचं कुंकू आहे,' ते म्हणाले.

मला तेव्हा व्हरांड्यातला तो न फुटणारा नारळ आठवला. आणि मशीनला टेकून उभ्या काकू.

'लावलंच शेवटी तिनं कपाळाले,' सर म्हणाले. 'कागदाले लावून काय होते, म्हने.' आणि ते हसायला लागले. मोठ्यानं, खांदे हलवून. हसता हसता ते रडत होते हे मला जरा उशिरा कळलं. काकू गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि मनसोक्त रडले. पळसाची झाक भिंतीवरून वर सरकत गेली.

'आता मी दिसत असन बघ हिले,' सर मशीनला डोक्यानंच हलकेच धक्का देत म्हणाले.

'सर, काठावरचं कुंकू असंच राहू देऊ या का?' मी विचारलं.

'वेडी झाली का? मशीन आहे हे!' ते असे ओरडले की माझा जीव भांड्यात पडला.

डबी त्यांनीच धुतली, पुन्हा पुन्हा, स्पिरिटनं, रेघ पार सपाट होईपर्यंत. पण त्याआधी त्यांनी त्या बोळ्याचं लाल टोक कापून एका नळीत सोडलं आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं. मला वाटलं, घरी नेतील. त्यांनी ती स्टँडवर ठेवली. मशीन सुरू झालं की रोज आधी ओळखीचं काहीतरी लावून पाहायचं असतं, त्याची रेघ ठरल्या जागी आली तरच बाकीच्यांवर भरवसा. आमचा जुना नमुना कधीचा कामातून गेला होता.

'रोज हे लावजो आधी,' सर म्हणाले. 'ही जागेवर आली तरच पुढचं काम.'

मग आम्ही सगळी हळद पहिल्यापासून मोजली. माझा प्रबंध लांबला, त्यात शोध म्हणावा असं फार काही निघालं नाही, आणि तो मंजूर झाला. सरांनी तोपर्यंत पुण्याला जायचं नाव काढलं नाही. मुलाला म्हणत, 'तुह्या आईनं करून ठेवलेलं निस्तरून राह्यलो.' ते म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे. माझं काम झालं, ते निवृत्त झाले, तेव्हा पुण्याला गेले. तिथल्या गॅलरीत ते पाठ करून बसत नाहीत. सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवतात आणि खेकसतात, असं मुलगा सांगतो.

मशीन आता माझ्याकडे आहे. खंडेनवमीला मीच पूजा करते, कुंकू कागदावरच लावते. सकाळी पंप सुरू केला की आधी ती नळी लावते आणि पडद्यासमोर चहा घेऊन बसते. हिरवी रेघ चालत येते, जवळ आली की मी अजूनही कप खाली ठेवते, आणि मग ती उसळते. तेवढ्यात फोन वाजतो.

'आली का?' सर विचारतात.

'आली, सर.'

'जागेवर आहे?'

'जागेवर आहे.'

'बरं,' म्हणतात आणि ठेवून देतात. अशा रेघा कायमच्या नसतात, बंद नळीतसुद्धा त्या हळूहळू विझत जातात, हे मला त्यांनीच शिकवलं. काकूंची रेघ दरवर्षी थोडी बुटकी होते आहे. सर रोज जागा विचारतात. उंची त्यांनी अजून एकदाही विचारलेली नाही.